सुरतेस जाऊन काय पाहावे?

सुरतेचे जेवण आणि काशीचे मरण ह्या दोन गोष्टी भाग्यवंतासच लाभतात, अशी गुजराथेत एक जुनी म्हण आहे. काशीचा अनुभव घेऊन परत येऊन सांगणारा कोणी नसल्यामुळे म्हणीच्या त्या अर्धाविषयी आम्हांस काही बोलता येत नाही. पण पहिल्या अर्धाची सत्यता गेल्या फाल्गुनात चार दिवस तेथे राहून आम्ही पडताळून पाहिली आणि ती खरी आहे असे मोकळ्या मनाने सांगतो. हे दिवस थंडी सरता सरता उन्हाळा अद्याप अंगावर यावयाचा असे असतात. पहाटे तापीवर धुके असते, दहा वाजता ते विरते, दुपारी छत्री घ्यावीशी वाटते आणि सायंकाळी समुद्राकडून वारा सुटला म्हणजे दुपारचा त्रास विसरतो. नदीकाठी पोंक मांडून बसलेली दुकाने तोवर आवरू लागलेली असतात. पोंक म्हणजे आपला हुरडाच. परंतु आपण तो शेतात, शेकोटीशी, तिखटमिठाशी खातो, आणि सुरतकर त्याचा बाजार मांडून, त्यात निरनिराळ्या शेवा मिसळून, लिंबू पिळून खातो. एकाच जोंधळ्याच्या कणसापासून एका प्रांताने मौज काढावी व दुसऱ्याने मौज काढून वर धंदाही करावा, ह्यात गुजराथी व मराठी स्वभावांतील अंतर ज्यास पाहावयाचे असेल त्याने पाहावे.

परंतु लोचो, खमण आणि नानखटाई खाऊन, बायकामंडळींसाठी दोन साड्या घेऊन आणि डुमसच्या किनाऱ्यावर भजी चाखून परत येणारा आमचा मराठी प्रवासी सुरत पाहून आला असे म्हणणे म्हणजे वऱ्हाडाच्या पंक्तीस बसून आलेल्याने लग्नाचा विधि पाहिला असे म्हणण्यासारखे आहे. सुरतेत पाहण्यासारखे जे आहे त्यातील काही थडग्यांत आहे, काही मोऱ्यांत आहे आणि बरेचसे नदीत आहे. आमच्या वाचकांपैकी पुष्कळांचा त्या शहराशी कापडाचा व जरीचा व्यवहार वर्षानुवर्षे आहे. म्हणून त्याविषयी थोडे विस्ताराने लिहिणे अप्रस्तुत होणार नाही.

तापी उगम पावते ती बैतूल जिल्ह्यात मुलताईस. तेथून सुमारे ७२४ किलोमीटर पश्चिमेकडे वाहत खानदेश ओलांडून ती सुरतेखाली खंबायतच्या आखातात शिरते. शहर नदीच्या डाव्या तीरावर, समुद्रापासून थोडे आत आहे, आणि ह्या 'थोडे आत' असण्यातच त्याचे सर्व भाग्य आणि दुर्भाग्य साठलेले आहे. समुद्राची भरती शहराच्या अंगापर्यंत येते. चौकबाजारात किल्ल्यापाशी उभे राहिले तर ओहोटीच्या वेळी नदीत पाण्याहून चिखलच अधिक दिसतो आणि काही तासांनी तीच नदी समुद्राकडे जाण्याऐवजी डोंगराकडे वाहू लागल्यासारखी दिसते. सिंगणपोर येथे १९९५ साली बंधारा घातल्यापासून भरतीचे खारे पाणी त्याच्यावर चढत नाही. वर गोड्या पाण्याचा साठा, त्यावर शहराची तहान भागते. खाली गाळ आणि खारट पाणी. एकाच नदीचे दोन स्वभाव एका भिंतीने वेगळे केलेले आहेत.

हा गाळ आजचा नव्हे. मोगलाईत जेव्हा सुरत हे हिंदुस्थानचे पहिले बंदर होते, मक्केस जाणारे यात्रेकरू जेव्हा येथूनच जहाजांत चढत, तेव्हादेखील मोठी जहाजे शहरापर्यंत येऊ शकत नसत. ती सुवाळीच्या खाडीत नांगरून माल लहान मचव्यांतून अथवा गाड्यांतून आणावा लागे. १६०८ साली हॉकिन्स येथे उतरला, १६१२ साली सुवाळीसमोर इंग्रजांनी पोर्तुगीजांचे आरमार परतविले, आणि पुढील साली बादशाही परवानगीने इंग्रजांची वखार येथे पक्की झाली. ज्या सत्तेने पुढे सर्व देश गिळला तिने प्रथम भाड्याच्या जागेत, वजनकाटा आणि वहीखाते घेऊन ह्या शहरात पाऊल टाकले, ही गोष्ट व्यापाऱ्यांनी विशेष ध्यानात ठेवण्यासारखी आहे. नदीपलीकडील रांदेर हे सुरतेहूनही जुने व्यापारी गाव. ते आणि सुरत ही दोन्ही पोर्तुगीजांनी १५३० साली जाळली. त्या धाकानेच सुलतान महमूदच्या काळी खुदावंदखानाने नदीकाठी किल्ला बांधला. तो आता महानगरपालिकेने डागडुजी करून वस्तुसंग्रहालयाच्या रूपाने उभा केला आहे आणि तो पाहण्यासारखा झाला आहे. आमच्याकडील किती नगरपालिकांनी आपल्या गावच्या गढीचे एवढे तरी केले आहे?

कतारगामकडे जाणाऱ्या वाटेवर इंग्रजांचे व वलंदेजांचे जुने कबरस्तान आहे. तेथील घुमट पाहून प्रथम कोणत्या तरी मुसलमान सरदाराचे मकबरे असावेत असे वाटते. जवळ जाऊन पाहावे तो इंग्रज वखारवाल्या ऑक्झिंडेन बंधूंची थडगी! मलबारातील वनस्पतींवर मोठा ग्रंथ सिद्ध करविणारा वान रेडे हा वलंदेज अधिकारी १६९१ साली वारला. त्याचेही थडगे येथेच आहे. जिवंतपणी एकमेकांच्या गिऱ्हाइकांवर टपलेल्या ह्या दोन कंपन्यांनी मेल्यावरही कोणाचा घुमट उंच अशी चढाओढ केलेली दिसते. पुराणवस्तुखात्याची पाटी आहे, कुंपण आहे, आत कबुतरे आहेत. आम्ही गेलो त्या दिवशी तासाभरात दुसरा प्रेक्षक आला नाही.

मराठी माणूस सुरतेस गेला की त्याच्या मनात पहिली आठवण येते ती १६६४ च्या जानेवारीची. ती येणे स्वाभाविक आहे आणि तिची लाज वाटण्याचे कारण नाही. शाएस्तेखानाने तीन वर्षे स्वराज्य उजाड केले, त्याची भरपाई ज्या बादशहाच्या तिजोरीतून व्हावयाची त्या बादशहाचे हे बंदर होते. परंतु आमच्या शाळांतून सुरत शिकविली जाते ती केवळ किती लूट मिळाली ह्या हिशेबापुरती. त्या चार-पाच दिवसांत शहराचा कारभार कसा उघडा पडला हे कोणी शिकवीत नाही. शहराचा सुभेदार इनायतखान हा आरोळी उठताच किल्ल्यात जाऊन बसला आणि ज्यांच्या करावर तो पोसला जात होता ती रयत त्याने उघड्यावर सोडली. फ्रेंच प्रवासी बर्निअर ह्याने नमूद केल्याप्रमाणे, वलंदेजांचा मृत दलाल मोहनदास पारेख हा धर्मशील व दानशूर म्हणून ख्यात असल्यामुळे त्याच्या घरास महाराजांनी धक्का लावला नाही. कॅपुचिन पाद्र्यांचा मठही सोडला. १६७० च्या ऑक्टोबरात पुन्हा स्वारी झाली. पुढे कंपनीने आपले मुख्य ठाणे १६८७ साली मुंबईस हलविले, गाळाने बंदर अधिक अडले, मोगलाई मोडकळीस आली आणि १८३७ साली आग व पूर ह्या दोहोंनी एकाच वर्षी शहरावर घाला घातला. सुरत बुडाली ती मराठ्यांमुळे की मुंबईमुळे की गाळामुळे, हा वाद इतिहासकारांनी करावा. आमच्या मते ज्या शहराचे रक्षण करणारा प्रथम स्वतः दार लावून घेतो ते शहर बुडावयास एकच कारण पुरे होते.

ही झाली लुटीची सुरत. पण मराठी माणसाने तेथे काही दिलेही आहे, आणि त्याची आठवण आम्हांसच राहिलेली नाही. आपल्या भाषेचे व्याकरण घालून देणारे दादोबा पांडुरंग तर्खडकर तरुणपणी सुरतेस शिक्षक होते. तेथील दुर्गाराम मेहताजी ह्या शाळामास्तरांबरोबर त्यांनी १८४४ साली मानवधर्मसभा स्थापिली. जातिभेद मानू नये, ईश्वर एक आहे, विधवांस पुनर्विवाहाची मोकळीक असावी, अशी ह्या मंडळींची मते; आणि ती घरात बसून मांडण्यापुरती नव्हती, तर मंत्रतंत्र व जादूटोणा करणारांस त्यांनी जाहीर आव्हान देऊन आपली विद्या सिद्ध करून दाखविण्यास बोलाविले. ह्याच दादोबांनी पुढे मुंबईस परमहंस सभेच्या कामी पुढाकार घेतला. म्हणजे ज्या सुधारणेचा ओघ आम्ही मुंबई-पुण्याचा मानतो त्याचा एक झरा तापीकाठी फुटलेला आहे. त्याच शहरात १८३३ साली जन्मलेल्या कवि नर्मदाने पुढे 'डांडियो' पत्र काढून शेटसावकारांच्या व महाराजांच्या पाखंडावर कोरडे ओढले आणि स्वतः विधवेशी विवाह करून बोलल्याप्रमाणे वागूनही दाखविले. नर्मदाचे नाव आज तेथील विद्यापीठास आहे. दुर्गाराम मेहताजींचे व दादोबांचे नाव घेणारा मनुष्य आम्हांस चार दिवसांत भेटला तो एकच, आणि तोही एक वृद्ध ग्रंथपाल!

१९०७ च्या राष्ट्रीय सभेविषयी न लिहिता सुरतेचा लेख पुरा झाला असे आमचे जुने वाचक मानणार नाहीत. सभा नागपूरची सुरतेस हलविली, ती तापीकाठच्या फ्रेंच बागेत भरली, २६ डिसेंबरास सुरेंद्रनाथांचे भाषण चालू असता गलबला होऊन ती तहकूब झाली, आणि दुसऱ्या दिवशी टिळक व्यासपीठावर चढले असता जोडा उडाला, खुर्च्या उडाल्या व शेवटी पोलिसांनी मंडप रिकामा केला, इतके सर्वांस ठाऊक आहे. जोडा कोणाचा, ह्यावर पुष्कळ शाई खर्च झाली आहे. आमच्यासारख्या वकिली पेशाच्या मनुष्यास मात्र त्या प्रसंगातील चिठ्ठी जोड्याहून महत्त्वाची वाटते. अध्यक्षांच्या निवडीच्या प्रसंगी आपणांस तहकुबीची सूचना मांडावयाची आहे, अशी चिठ्ठी टिळकांनी स्वागताध्यक्ष त्रिभुवनदास माळवी यांजकडे पाठविली होती आणि तिला उत्तर मिळाले नाही. सूचना फेटाळता आली असती. बहुमत विरुद्ध पक्षाचेच होते. पण ती ऐकूनच घ्यावयाची नाही असे ठरले आणि राष्ट्रीय सभेचे दोन तुकडे झाले ते १९१६ साली लखनौस जुळेपर्यंत. त्याच तापीच्या काठी, वर हरिपुरा येथे, १९३८ साली सुभाषबाबूंच्या अध्यक्षतेखाली सभा पुन्हा भरली. हरिपुऱ्याचे नाव आजही निघते. फ्रेंच बागेची जागा मात्र आम्हांस वाटसरूंपैकी कोणालाही दाखविता आली नाही.

आता थडगी व स्मारके सोडून मोऱ्यांकडे वळू. १९९४ च्या सप्टेंबरात सुरतेत फुप्फुसाच्या प्लेगाची साथ आली. पावसाळा जबर झाला होता, नदीकाठच्या वस्त्यांत पाणी शिरून ओसरले होते, मेलेली जनावरे व कचरा रस्त्यांत कुजत होता, आणि हे सर्व नगरपालिकेस ठाऊक होते. साथीची बातमी फुटताच लाखो माणसे आगगाड्या, मोटारी, जे मिळेल त्याने पळाली. ज्यांनी थांबावयाचे असे कित्येक खासगी डॉक्टरही त्यांत होते. इनायतखानाचा किल्ला प्रत्येक युगात निराळ्या आकाराचा असतो! सर्व जगाने त्या वेळी हिंदुस्थानाकडे नाक मुरडून पाहिले व मालाची जहाजे आणि विमाने अडविली.

पुढच्याच वर्षी एस. आर. राव हे आयुक्त म्हणून आले. त्यांनी काही नवे शास्त्र आणले नाही. कायदा जुना, झाडूवाले जुने, अधिकारीही बहुतेक तेच. त्यांनी अधिकाऱ्यांस थंडगार खोल्यांतून उठवून रोज सकाळी रस्त्यावर उभे केले. विभागाविभागास खर्चाचे व निर्णयाचे अधिकार वाटून दिले. रस्ते रात्रीही झाडावयास लावले. घाणेरड्या खानावळींस दंड केले. आणि बेकायदा बांधकाम पाडावयाचे तर प्रथम वजनदार माणसाचे पाडावे, म्हणजे गरीब आपण होऊन ओटा मागे घेतो, हे तत्त्व अमलात आणले. दीड वर्षाच्या आत हेच शहर देशातील स्वच्छ शहरांत चंडीगडाच्या खालोखाल गणले गेले. एखादा करारी अधिकारी गेला की त्याचे काम त्याच्या बदलीच्या हुकुमाबरोबर गुंडाळले जाते, असा आमचा नेहमीचा अनुभव. सुरतेत तसे झाले नाही, आणि ह्याचे श्रेय आम्ही रावांइतकेच तेथील नागरिकांस व त्यांच्या पुढच्या नगरसेवकांस देतो. सरकारच्या २०२३ सालच्या स्वच्छता-पाहणीत सुरतेने इंदूरबरोबर पहिला क्रमांक वाटून घेतला. २०१४ पासून ही नगरपालिका आपले सांडपाणी शुद्ध करून पांडेसऱ्यातील रंगाई-छपाईच्या कारखान्यांस विकते. घाणीचे पाणी विकून पैसा करणारी नगरपालिका ही गुजराथेतच निघावयाची, असे कोणी हसून म्हणेल; परंतु जी नगरपालिका ते फुकट नदीत सोडते आणि वर नदीची आरती करविते, तिला हसण्याचा अधिकार कोठून येणार? आमचे मुळा-मुठेचे, पंचगंगेचे आणि गोदावरीचे काठ ज्यांनी पाहिले आहेत त्यांस अधिक सांगावयास नको.

येथपर्यंत स्तुति झाली. ती मनापासून केली म्हणूनच पुढील गोष्टी लिहिण्याचा हक्क आम्ही घेतो.

सुरतेची वस्ती १९६१ साली सुमारे २ लाख ८८ हजार होती. २०११ च्या शिरगणतीत ती ४४ लाखांवर गेली. हद्द वाढली हे खरे. तथापि एवढी माणसे आली ती हिऱ्यांच्या घंटीवर आणि मागांवर काम करावयास. जगातील दर दहा हिऱ्यांपैकी नऊंस पैलू पाडण्याचे काम ह्या शहरात होते असे मानतात. मागावर ओरिसातील गंजमचे लोक, आणि उधना, लिंबायत, डिंडोली ह्या भागांत आमचे खानदेशी. ह्या वस्त्यांतून फिरताना आपण अमळनेर-शिरपुराकडे आहो की काय असे वाटते. दुकानांच्या पाट्या गुजराथी, भांडणे अहिराणी, आणि भिंतीवर शिवाजीमहाराज! नगरपालिका आपल्या शाळा गुजराथीबरोबर मराठी, हिंदी, उर्दू, उडिया व तेलुगु ह्या भाषांतूनही चालविते. ह्या औदार्याबद्दल तिचे आभार मानलेच पाहिजेत. आमच्या किती शहरांतील नगरपालिका परप्रांतीय मजुराच्या मुलास त्याच्या भाषेत शिकवितात, ते ज्याने त्याने आपल्या मनाशी पाहावे.

लिंबायतेत एका मागवाल्या मजुराशी आमचे बोलणे झाले. "दादा, गावाकडे पाऊस नाही तर काम नाही, इकडे पाऊस असो-नसो, काम आहे," असे तो म्हणाला. किती तास, असे विचारता, "बारा. पंधरा दिवस दिवसपाळी, पंधरा दिवस रातपाळी." मागांच्या खडखडाटाने त्याच्या कानांस बसलेला दडा इतका होता की आमचा प्रत्येक प्रश्न दोनदा विचारावा लागला. त्याचे वय बत्तीस.

१९४८ च्या कारखान्यांच्या कायद्याने प्रौढ मजुराचा दिवस नऊ तासांचा व आठवडा अठ्ठेचाळीस तासांचा ठरविला. तो कायदा चालू असता सुरतेत बारा तासांची पाळी उघड्यावर, कोणासही न लपविता चालत आली. ती कशी? तर एकाच छपराखालचे माग निरनिराळ्या लहान नावांवर विभागावयाचे, म्हणजे कोणताच कारखाना कायद्याच्या व्याख्येत बसत नाही. गुजराथ सरकारने २०२५ साली कायद्यास दुरुस्ती करून बारा तासांचा दिवस चालेल, मात्र आठवड्याचे तास अठ्ठेचाळीसच राहतील आणि मजुराची लेखी संमति पाहिजे, असे ठरविले. कागदावर ह्याचा अर्थ चार दिवस काम व तीन दिवस सुट्टी असा होतो. वाचक व्यापारी आहेत, त्यांस वहीतला जमेचा व खर्चाचा बाजू-फरक आम्ही समजावून सांगावा असे नाही: बारा तासांची कलमे ताबडतोब अमलात येतील, तीन दिवसांच्या सुट्टीची कलमे तपासावयास निरीक्षक कोठून येणार? आणि संमतीविषयी तर काय बोलावे! ज्याचे पोट रोजावर आहे त्याची लेखी संमति ही करारशास्त्रात संमति असेल, न्यायशास्त्रात नव्हे. धंद्यास मंदी आली म्हणजे हीच माणसे प्रथम गावची वाट धरतात. २०२५ च्या ऑगस्टात अमेरिकेने हिंदी मालावर ५० टक्के जकात बसविली तेव्हा तिचा तडाखा हिऱ्याच्या पेढ्यांइतकाच घंटीवरच्या कारागिरास बसला. पण त्यास तेथे 'रत्नकलाकार' म्हणतात. नावात रत्नही आहे व कलाही आहे. कायम नोकरीचा कागद तेवढा बहुतेकांपाशी नाही.

ज्या शहराने रस्ता स्वच्छ ठेवण्याचा कायदा वजनदार माणसावर चालवून दाखविला, त्या शहरात जिवाचे रक्षण करणारा कायदा का चालत नाही, हा प्रश्न आम्ही तेथील दोन-तीन मातब्बर गृहस्थांस विचारला. उत्तर असे मिळाले की कचरा सर्वांस दिसतो, आतले कोणास दिसत नाही. उत्तर प्रामाणिक होते. २४ मे २०१९ रोजी सरथाण्यातील तक्षशिला नावाच्या इमारतीस आग लागली; वरच्या मजल्यावर बेकायदा चढविलेल्या भागात शिकवणीचा वर्ग चालत होता; बाहेर पडण्यास दुसरी वाट नव्हती, बंबाची शिडी पुरली नाही, आणि २२ मुले-मुली गेली. ६ जानेवारी २०२२ रोजी सचिन येथे एका टँकरमधून विषारी रसायन चोरून नाल्यात सोडण्यात आले व त्याच्या वाफेने ६ मजूर प्राणास मुकले. दोन्ही ठिकाणी कायदा होता. तो मोडला जातो हे अनेकांस ठाऊक होते. दोन्ही ठिकाणी रस्ता मात्र झाडलेला असेल ह्यात आम्हांस शंका नाही.

शेवटी नदी. आम्ही फाल्गुनात गेलो म्हणून ती आम्हांस गरीब दिसली. तिचे खरे रूप सुरतेने ऑगस्ट २००६ मध्ये पाहिले. उकाईचे धरण १९७२ साली पुरे झाले, ते होण्यापूर्वीच्या १९५९ व १९६८ च्या पुरांची आठवण ताजी होती आणि धरण झाले म्हणजे पूर गेला असे लोकांनी मानले. पूर गेला म्हणून नदीच्या पात्रालगत, विशेषतः पलीकडच्या अडाजण-रांदेरच्या अंगास, माड्या उठल्या. २००६ साली ७ ऑगस्टपासून धरणातून सोडलेले पाणी सुमारे ९ लाख क्युसेकपर्यंत गेले आणि शहराचा तीन-चतुर्थांशाहून अधिक भाग पाण्याखाली गेला. माणसे दोन-दोन, तीन-तीन दिवस वरच्या मजल्यांवर पिण्याच्या पाण्यावाचून अडकली. पाऊस अतोनात झाला हे सरकारचे म्हणणे. पाऊस येणार हे ठाऊक असता धरण आधीपासून का भरून ठेवले, हे नागरिकांचे म्हणणे.

ह्या तंट्याचे मूळ समजण्यास इंजिनियर असण्याची आवश्यकता नाही. धरणात पाणी हवे असते शेतकऱ्यास व विजेच्या कारखान्यास. त्यास वाटते की मिळेल ते पाणी लवकर साठवावे, न जाणो पुढे पाऊस दडी मारील. धरणात जागा रिकामी हवी असते सुरतकरास. त्यास वाटते की पाऊस संपत येईतो भरूच नये. एका भांड्याने दोघांची सोय करावयाची, तर कोणत्या तारखेस पाणी किती उंच असावे ह्याचा नियम बांधून तो पाळावा लागतो. नियम आहे, ३४५ फुटांची पूर्ण पातळी पावसाळ्याच्या अखेरीस गाठावयाची असा त्याचा आशय आहे. पण नियम पाळला की नाही हे ऑगस्टात विचारून उपयोग नसतो, कारण तेव्हा दरवाजे उघडण्यापलीकडे कोणाच्या हाती काहीच उरत नाही. आणि ते उघडल्यावर पाणी काही तासांतच चौकबाजारास येते. विचारावयाचे ते आता, फाल्गुन-चैत्रात, नदी कोरडी असता. पात्रात भराव कोणी घातला, नवी बांधकामे कोणत्या रेषेच्या आत झाली, गाळ किती चढला, हे सर्व आता उघड्या डोळ्यांनी दिसते. आम्ही पुलावरून पाहिले, आम्हांस दिसले.

आणि ह्यात आमचा, म्हणजे महाराष्ट्राचा, भाग काठावरच्या बघ्याचा नाही. तापीच्या खोऱ्याचे क्षेत्र सुमारे ६५ हजार चौरस किलोमीटर आहे. त्यातील पाऊणहून अधिक महाराष्ट्रात. वऱ्हाडातील पूर्णेवर पडलेला पाऊस भुसावळजवळ तापीस मिळतो, हतनूरावरून खाली उतरतो, प्रकाशाच्या घाटांवरून जातो आणि उकाईत भरतो. आकाश आमचे, पूर सुरतेचा, आणि त्या पुरात बुडणाऱ्या लिंबायत-उधन्याच्या चाळींतून माणसे पुन्हा आमचीच! उकाईच्या जलाशयाने जी गावे उठविली त्यांत नवापूरच्या बाजूची आमची गावेही होती. म्हणजे दिलेल्या किमतीतही आमचा वाटा आहे. असे असता खानदेशातील एकाही नगरपालिकेत वा जिल्हा परिषदेत 'तापीच्या पुराचे नियोजन' हा विषय निवडणुकीच्या भाषणात आल्याचे आम्ही ऐकलेले नाही. पाण्याच्या वाटणीचा प्रश्न निघाला की दोन्ही प्रांतांचे मंत्री बाह्या सरसावून पुढे येतात; पाण्याच्या खबरीचा प्रश्न निघाला की दोन्हीकडील कारकुनांवर तो सोपविला जातो. वास्तविक खबर ही वाटणीसारखी नाही. ती एकाने दिली म्हणून त्याच्यापाशी कमी होत नाही.

आमची सूचना साधी आहे. जळगाव, धुळे व नंदुरबार येथील व्यापारी मंडळांनी, ज्यांचा माल व ज्यांचे पैसे सुरतेच्या गुदामांत पावसाळाभर पडलेले असतात, सुरतेच्या व्यापारी मंडळास सोबत घेऊन दोन्ही सरकारांकडे एवढेच मागावे: जूनपासून ऑक्टोबरपर्यंत हतनूर व उकाई येथील पाण्याची पातळी, आत येणारे व बाहेर सोडलेले पाणी आणि त्या तारखेस नियमाप्रमाणे असावयाची पातळी, हे चार आकडे दररोज सकाळी एकाच ठिकाणी, मराठीत व गुजराथीत, सामान्य मनुष्यास वाचता येतील असे प्रसिद्ध करावेत, आणि नियमाहून पातळी वर गेली तर ती का गेली व कोणाच्या हुकुमाने, हे त्याच खाली लिहावे. ह्यास नवा कायदा नको, मोठा खर्च नको. माहितीच्या अधिकाराच्या २००५ च्या कायद्याच्या चौथ्या कलमात असे आपण होऊन प्रसिद्ध करण्याचे बंधन सरकारी कचेऱ्यांवर आधीच घातलेले आहे. अर्ज करावयाचा तो पाडव्याच्या आत करावा, म्हणजे मृगापूर्वी त्याचे उत्तर येण्यास दोन महिने मिळतात. अर्जाचा मसुदा ज्या मंडळांस पाहिजे असेल त्यांनी आमच्या कचेरीत माणूस पाठवावा. तो तयार आहे.